उशीर हा दोष कधी झाला : भिलाई–नागपूर पट्ट्यातील पक्षाघाताच्या उपचारांचा इतिहास

पक्षाघाताचे दोन प्रकार बाहेरून सारखेच दिसतात. तोंड वाकडे होते, एका बाजूचा हात लुळा पडतो, बोलणे अडखळते. आत मात्र अगदी उलट गोष्टी घडलेल्या असू शकतात. मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बुजलेली असते किंवा फुटलेली असते. पहिल्या प्रकारात गुठळी विरघळवणारे इंजेक्शन मेंदू वाचवते, तर दुसऱ्यात तेच इंजेक्शन जीव घेऊ शकते. रक्तदाब मोजून, डोळ्यांत बॅटरी मारून किंवा गुडघ्यावर हातोडी ठोकून हा भेद निष्णात डॉक्टरलाही खात्रीने करता येत नाही. म्हणून आधी मेंदूचे चित्र आणि मग औषध, असा क्रम ठरला. त्या चित्रासाठी गेलेल्या वेळाला आज ‘उशीर’ म्हणतात आणि त्याबद्दल डॉक्टरला कोर्टात खेचता येते. हा अर्थ फार जुना नाही. त्याचे वय जेमतेम तीस वर्षांचे आहे.

त्याआधी पक्षाघातात घाई कोणालाच नव्हती. मराठीत ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणत, विदर्भात आणि छत्तीसगडात ‘लकवा मारला’ असे म्हणत. आयुर्वेदाने पक्षाघात वातव्याधींत घातला होता. तेल, शेक, बस्ती हे सगळे उपचार आठवड्या-महिन्यांच्या हिशेबाचे होते. खेड्यापाड्यांत कबुतराचे रक्त चोळत. राजस्थानातील बुटाटीसारख्या देवस्थानी लकवा झालेले लोक आजही सात-सात दिवस मुक्काम करतात. त्या काळच्या ॲलोपॅथीकडेही याहून मोठे काही नव्हते. रक्तदाब सांभाळायचा, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रुग्णाला कुशीवर वळवत राहायचे, पुढे व्यायाम द्यायचे, इतकेच. रुग्ण सकाळी सातला पोहोचला की दुपारी दोनला, याने काही फरक पडत नसे. त्यामुळे ती वेळ कोणी टिपूनही ठेवत नसे, आणि जी वेळ कागदावर नाही तिच्यावरून खटला उभा राहत नाही.

तेव्हाचा कायदा काय पाहत असे, हे कोकणातील एका प्रकरणातून समजते. ६ मे १९५३ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या डाव्या मांडीचे हाड मोडले. गावात पुरेशी वैद्यकीय सोय नव्हती. लाकडी फळ्या बांधून त्याला ठेवले गेले. मग मध्यरात्रीनंतर टॅक्सीने सुमारे २०० मैल कापून ९ मे रोजी साडेअकराच्या सुमारास त्याला पुण्यात आणले. त्याच रात्री तो दगावला. हे प्रकरण ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या नावाने सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २ मे १९६८ रोजी निकाल डॉक्टरांच्या विरोधात लागला. रुग्णाला पुरेशी भूल न देता हाड जास्त जोर लावून ओढले गेले, हा त्यांच्यावरील ठपका होता. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार द्यावा आणि तो कसा द्यावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे, हे सूत्र भारतीय कायद्यात याच निकालाने रुजवले. हाड मोडल्यापासून पुण्याच्या दारापर्यंत गेलेल्या जवळजवळ तीन दिवसांचा हिशेब मात्र कोणी मागितला नाही. हाताने केलेली चूक कोर्टाला दिसत होती, रस्त्यात गेलेला वेळ दिसत नव्हता. पुढच्या सगळ्या वादांचे बीज इथेच आहे.

हा रस्ता पूर्वेकडे कसा होता हे भिलाईच्या इतिहासात पाहता येते. भिलाईचा पोलाद कारखाना उभारण्याचा सोव्हिएत संघाशी करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती. ती भोपाळला गेली १ नोव्हेंबर १९५६ रोजी. भोसल्यांच्या कारकिर्दीपासून छत्तीसगडाचा कारभार नागपूरकडून चाले. दुर्ग, रायपूर, बिलासपूर येथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांची सोयरीकही तिकडचीच. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ साली सुरू झाले, रायपूरचे १९६३ साली. त्यामुळे आजार गंभीर असला की ‘नागपूरला न्या’ हा सल्ला घरचे, डॉक्टर आणि शेजारी सारख्याच सहजपणे देत. दुर्गहून नागपूर रेल्वेने सुमारे २६५ किलोमीटर आहे. हाडाच्या किंवा पोटाच्या दुखण्यात एवढा प्रवास चालून जाई. पक्षाघातातही तो चालून जाई, कारण तिथे पोहोचून करण्यासारखे फारसे काही नव्हते.

४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली आणि तिच्याभोवती सेक्टरांचे नगर वाढत गेले. कारखान्याचे मुख्य रुग्णालय सेक्टर ९ मध्ये आहे. त्याचे नाव जवाहरलाल नेहरू रुग्णालय व संशोधन केंद्र, पण भिलाईत ‘सेक्टर नाईन’ एवढे म्हटले की पुरते. कामगार, त्याची बायको, मुले आणि आईवडील यांच्यासाठी दवाखाना म्हणजे हेच. ही व्यवस्था फार मोलाची होती. देशातील असंख्य तालुक्यांना साधा सर्जन नव्हता त्या काळात भट्टीवर काम करणाऱ्या माणसाला मोठ्या रुग्णालयाचे दार उघडे होते. पण याच व्यवस्थेतून पुढे एक कायदेशीर प्रश्न उभा राहिला. पगाराचा भाग म्हणून मिळालेला उपचार फुकट समजायचा की मोबदल्याचा?

दरम्यान चित्राचे यंत्र आले. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या विम्बल्डनमधील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या सीटी यंत्राने पहिल्यांदा एका रुग्णाच्या मेंदूचे काप टिपले. १९७९ साली त्यांना ॲलन कॉर्मॅक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. कवटी न उघडता रक्तस्राव पांढरा दिसू लागला. सीटी येण्यापूर्वी डॉक्टर अंदाज बांधत. यंत्र आल्यानंतरही गरीब देशांत आणि लहान गावांत ते अंदाजच चालू राहिले. शुद्ध हरपली का, ओकारी झाली का, डोके दुखत होते का, खालचा रक्तदाब किती, यांवरून गुण मोजून रक्तस्राव की गुठळी हे ठरवण्याची सिरिराज पद्धत थायलंडमधील डॉक्टरांनी १९९१ साली मांडली, ती यासाठीच. तिचा उपयोग होता, पण तिच्या भरवशावर गुठळी विरघळवणारे औषध देण्याइतकी ती अचूक कधीच नव्हती.

सीटीने एक सवयही लावली आणि तिने पुढे घात केला. गुठळीने मेलेला मेंदूचा भाग सीटीवर काळपट दिसायला कित्येक तास लागतात. पहिल्या दोन-तीन तासांत फिल्म बहुधा साफ दिसते. १९७० आणि १९८० च्या दशकांत औषधच नसल्यामुळे चित्राची घाई नव्हती. सीटी दुसऱ्या दिवशी काढली तर डाग ठळक दिसे आणि निदान पक्के होई. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या पिढ्यांच्या मनात ‘डाग दिसला तर पक्षाघात’ हे समीकरण बसले. औषध आल्यावर हेच समीकरण उलटे झाले. आता लवकर काढलेली, साफ दिसणारी फिल्म ही हवीहवीशी गोष्ट होती, कारण रक्तस्राव नाही आणि मेंदू अजून मेलेला नाही, असा तिचा अर्थ होता. पण रिपोर्टवर ‘नॉर्मल’ शब्द पाहून रुग्णाला घरी पाठवणे, किंवा खात्रीसाठी एमआरआयकडे धाडून तास घालवणे, ही चूक जगभर झाली. ज्ञान बदलले तरी सवय मागे उरते, आणि सवयीची किंमत रुग्ण मोजतो.

औषधाची तारीख नेमकी सांगता येते. १४ डिसेंबर १९९५ रोजी अमेरिकेतील राष्ट्रीय मज्जाविकार संस्थेची चाचणी प्रसिद्ध झाली. ६२४ रुग्णांपैकी निम्म्यांना लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत टीपीए हे गुठळी विरघळवणारे औषध दिले होते. जून १९९६ मध्ये अमेरिकन सरकारने त्याला मान्यता दिली. त्याच वर्षाच्या अखेरीस रुग्णालयांसाठी मिनिटांचे वेळापत्रक आखले गेले. रुग्ण दारात आल्यापासून २५ मिनिटांत सीटी आणि ६० मिनिटांत औषध. २००६ साली जेफ्री सेव्हर यांनी हिशेब मांडला की मोठी रक्तवाहिनी बुजलेली असताना मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. शतकानुशतके ज्या रोगाला घड्याळ नव्हते त्याला आता सेकंदाचा काटा लागला.

या चाचणीच्या ३१ दिवस आधी, १३ नोव्हेंबर १९९५ रोजी, भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता’ हा निकाल दिला होता. मोबदला घेऊन दिलेला वैद्यकीय उपचार ही १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील ‘सेवा’ ठरली आणि रुग्ण ‘ग्राहक’ झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरीही पक्षाघाताच्या बाबतीत त्यांचा परिणाम एकत्रच झाला. एकीने उशिराला मोजमाप दिले, दुसरीने त्या उशिराचा जाब विचारायला जिल्ह्याच्या ठिकाणी, कमी खर्चाचे दार उघडले.

भिलाईसारख्या नगरासाठी शांता निकालातील एक कलम खास महत्त्वाचे आहे. नोकरीच्या अटींचा भाग म्हणून मालक कर्मचाऱ्याच्या आणि त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबाच्या उपचारांचा खर्च उचलत असेल, तर तो उपचार फुकट मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. मध्य रेल्वेच्या एका कर्मचाऱ्याच्या खटल्यात पुढे हेच तत्त्व रेल्वेच्या रुग्णालयालाही लावले गेले. म्हणजे कारखान्याच्या, रेल्वेच्या, खाणीच्या दवाखान्यात उपचार घेणारा कामगार ग्राहक ठरतो. सर्वांनाच पूर्ण मोफत उपचार देणारी सरकारी रुग्णालये मात्र या कायद्याबाहेर राहिली. एकाच रस्त्यावरच्या दोन रुग्णालयांत गेलेल्या सारख्याच तासाभरासाठी तक्रारीची दारे वेगळी झाली.

सरकारी रुग्णालयांसाठीचे दार बंगालमधून उघडले. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी मथुरापूर स्टेशनवर हकीम शेख नावाचे शेतमजूर गाडीतून पडले आणि डोक्याला मार लागला. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून त्यांची रवानगी सुरू झाली. कलकत्त्यात मध्यरात्रीच्या सुमारापासून एकेका सरकारी रुग्णालयाने त्यांना परत पाठवले. कुठे खाट नव्हती, कुठे मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग नव्हता. सीटी स्कॅन १३१० रुपये भरून खासगी ठिकाणी काढावा लागला. त्यात रक्तस्राव दिसला आणि तरीही खाट मिळाली नाही. शेवटी एका खासगी रुग्णालयात सुमारे १७ हजार रुपये खर्चून उपचार झाले. ६ मे १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा संविधानाच्या कलम २१ चा, म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि २५ हजार रुपये भरपाई दिली. हे प्रकरण अपघाताचे होते, पक्षाघाताचे नव्हे. तरी उशिराच्या इतिहासात त्याचे स्थान मोठे आहे. या निकालात प्रत्येक रुग्णालयाच्या दारावरची वेळ नोंदलेली आहे, पावणेबारा, बारा वीस, एक, दोन, सकाळचे आठ. पालशेत ते पुणे हा रस्ता जिथे न्यायालयाला दिसला नव्हता, तिथे रात्रभरची वणवण आता निकालपत्रात अक्षरशः तासागणिक उतरली. पैसे नाहीत ही राज्याची सबब न्यायालयाने ऐकली नाही.

यानंतर उपचारांची मुदत वाढत गेली. सप्टेंबर २००८ मध्ये युरोपातील चाचणीने टीपीएची मर्यादा साडेचार तासांवर नेली. २०१५ साली नेदरलँड्समधील चाचणीने आणि तिच्यामागून आलेल्या इतर चाचण्यांनी जांघेतून नळी घालून मोठी गुठळी ओढून काढण्याचा उपाय सिद्ध केला. २०१८ साली निवडक रुग्णांसाठी या उपायाची मुदत २४ तासांपर्यंत गेली. त्याच वर्षी झोपेतून उठल्यावर लुळेपणा लक्षात आलेल्या रुग्णांना एमआरआयच्या आधारे औषध देता येते हेही दाखवले गेले. पाळीवर चालणाऱ्या गावात हे बारीकसारीक नाही. रात्रपाळी करून सकाळी झोपलेला माणूस दुपारी उठताना हात उचलू शकत नसेल, तर घड्याळ उठल्याच्या वेळेपासून नव्हे, तो शेवटचा धड दिसला त्या वेळेपासून चालते. ती वेळ बहुधा घरच्या बाईला किंवा पाळीवरच्या सोबत्याला ठाऊक असते, आणि कॅज्युअल्टीत तो सोबती हजर नसतो.

औषध जवळ आले ते पुण्यामुळेही. टीपीए तासभर सलाइनमधून द्यावे लागते. टेनेक्टेप्लेज हे त्याचेच सुधारलेले रूप एका झटक्यात शिरेतून देता येते. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने ते भारतात बनवले आणि पक्षाघातासाठी ते इथे वापरात आले. अमेरिकेने त्याला पक्षाघातासाठी मान्यता दिली ती मार्च २०२५ मध्ये. रुग्णाला पुढे पाठवताना आधी इंजेक्शन आणि मग ॲम्ब्युलन्स, ही रीत या औषधाने सोपी केली.

भिलाईच्या आसपासही बदल झाले. नोव्हेंबर २००० मध्ये छत्तीसगड राज्य झाले, २०११ मध्ये १०८ क्रमांकाच्या ‘संजीवनी’ गाड्या आल्या, २०१२ मध्ये रायपूरला एम्स सुरू झाले. जी. ई. रोडने भिलाईहून रायपूर सुमारे ३० किलोमीटर आहे. नागपूरकडे पाहण्याची गरज त्यामुळे कमी झाली, तरी राजनांदगावच्या पश्चिमेकडील आणि गोंदिया–गडचिरोलीच्या सीमेवरील गावांना दोन्ही शहरे दूरच आहेत. गावाजवळच्या दवाखान्यात सीटी असेल तर रात्री ते चालवणारा तंत्रज्ञ हवा, फिल्म वाचणारा कोणीतरी हवा, वीज हवी. औषधाआधी खरोखर अत्यावश्यक असलेली रक्ततपासणी एकच, साखरेची. तरी क्रिएटिनिनचा रिपोर्ट, कॅश काउंटरची पावती आणि संमतीची सही यांत मिनिटे जातात. सही तर बहुतेकदा परगावच्या थोरल्या भावाला फोन लागेपर्यंत अडते. यांतला कोणताही तुकडा एकट्याने गुन्हा वाटत नाही. शेवटी केसपेपरवर नाव असते ते ड्यूटीवरच्या डॉक्टरचे, आणि रोष तिथेच येऊन थांबतो. ही विभागणी न्याय्य नाही. जितकी यंत्रणा दुबळी, तितका तिच्या टोकाला उभा असलेला माणूस अधिक दोषी दिसतो.

न्यायालयांनी हे हळूहळू ओळखले. ‘जेकब मॅथ्यू विरुद्ध पंजाब राज्य’ या ५ ऑगस्ट २००५ च्या निकालामागची घटना मिनिटांचीच होती. श्वास अडकलेल्या रुग्णाला लावलेला ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाला आणि दुसरा जोडेपर्यंत जीव गेला. यंत्रणेतील अशा उणिवेसाठी रुग्णालयाकडून भरपाई मागता येईल, पण डॉक्टरला फौजदारी गुन्हेगार ठरवायला ढोबळ स्वरूपाचा हलगर्जीपणा सिद्ध व्हावा लागेल, असे न्यायालयाने बजावले. चित्रणाच्या उशिरावर थेट बोलणारा निकाल मुंबईचा आहे. १९९८ साली बॉम्बे हॉस्पिटलमध्ये महाधमनीच्या फुगवट्यावर शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचे पाय थंड पडले. रक्तवाहिन्यांचे चित्र घेणारे डीएसए यंत्र नेमके तेव्हा बंद होते आणि अँजिओग्राफी लांबली. रुग्ण जूनमध्ये दगावला. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने १४ लाखांहून अधिक भरपाई दिली होती. ३० नोव्हेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. यंत्र कोणत्याही क्षणी बंद पडू शकते, पर्यायी मार्ग वापरला गेला, म्हणून केवळ बिघाडावरून हलगर्जीपणा ठरत नाही, हा त्यामागचा तर्क. आधी दिलेले ५ लाख रुपये सानुग्रह मदत म्हणून कुटुंबाकडेच राहिले. कायद्याच्या दृष्टीने हा निकाल समजण्यासारखा आहे. यंत्र नेमक्या त्या दिवशी बंद का होते, या कुटुंबाच्या प्रश्नाला मात्र त्यातून उत्तर मिळत नाही.

कारण आणि परिणाम जोडणे पक्षाघातात आणखी अवघड जाते. १९९५ च्या चाचणीच्या दुसऱ्या टप्प्यात तीन महिन्यांनंतर जवळपास पूर्ववत झालेले रुग्ण औषध मिळालेल्यांत शंभरात ३९ होते, न मिळालेल्यांत २६. म्हणजे वेळेवर इंजेक्शन मिळूनही बहुतेकांत व्यंग उरले आणि न मिळूनही चौथा हिस्सा सुधारला. औषध दिलेल्यांपैकी ६.४ टक्क्यांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला, इतरांत ०.६ टक्के. उशीर झाला नसता तर हा विशिष्ट रुग्ण चालला असता, असे छातीठोकपणे सांगणे त्यामुळे कोणत्याही तज्ज्ञाला शक्य नसते. तरीही अमेरिकेत २००८ साली तपासलेल्या या औषधासंबंधीच्या ३३ खटल्यांपैकी २९ मध्ये तक्रार औषध दिल्याची नव्हती, न दिल्याची होती. रक्तस्रावाच्या भीतीने हात आखडता घेणारा डॉक्टर स्वतःला सुरक्षित समजतो, पण हे आकडे त्याच्या विरुद्ध जातात.

खटल्याच्या दाराशी न थांबता राग थेट हातघाईवर येण्याचे प्रकारही वाढले. छत्तीसगडाने आणि महाराष्ट्राने २०१० साली डॉक्टरांवरील आणि रुग्णालयांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदे केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची शिक्षा इतरांसाठी पाच वर्षांपर्यंत वाढली. नोंदणीकृत डॉक्टरकडून उपचारादरम्यान असे घडले तर ती दोन वर्षांपर्यंतच राहिली.

ग्राहक आयोगापुढे येणारा पुरावा अखेर कागदाचाच असतो. सीटीच्या प्रत्येक कापावर यंत्र आपोआप तास, मिनिट आणि सेकंद छापते. नर्सच्या चार्टवर इंजेक्शनची वेळ असते, १०८ च्या नोंदवहीत गाडी निघाल्याची. गावच्या दवाखान्याने रुग्णाच्या हातात दिलेल्या रेफरच्या चिठ्ठीवर मात्र बहुधा तारीख, रक्तदाब, ‘लकवा’ आणि ‘पुढील उपचारासाठी’ एवढेच असते. रुग्ण शेवटचा धड कधी दिसला, तो तिथे किती वाजता आला आणि किती वाजता निघाला, या तीन वेळांसाठी त्या चिठ्ठीवर रकाना नसतो.